व्हाइनलँडचा सिंहदंत

न्यू जर्सीच्या दक्षिणेकडील व्हाइनलँड हे गाव चार्ल्स लँडिस यांनी १८६१ मध्ये वसविले. तेथे मद्यविक्रीस मनाई होती, ही गोष्ट श्रावकांस विशेष रुचेल. पुढे इटालियन शेतकरी आले. मायदेशी रानातून खुडावयाचा डँडेलियन त्यांनी येथील रेताड जमिनीत पेरला. आज हे गाव स्वतःस ‘जगाची डँडेलियन राजधानी’ म्हणविते.

या नावाचे फ्रेंच मूळ ‘सिंहाचा दात’ असे आहे; पानांची दातेरी कड पाहिली की ते पटते. देठ मोडताच पांढरा चीक येतो. चव कडवट, आपल्या पाथरीच्याच कुळातील ही भाजी. ती फुलोऱ्यापूर्वी, वसंताच्या आरंभीच काढावी, नंतर कडूपणा वाढतो.

याच राज्यात एडिसन परिसरात अनेक जैन व्यापारी कुटुंबे राहतात. तेथील अंगणांत मात्र हे पिवळे फूल दिसताच तणनाशक फवारण्याची रीत आहे, आणि त्याच पानांची जुडी बाजारातून विकत आणली जाते!

इटालियन घरांत ही भाजी लसणीवर परततात. मुळे भाजून कॉफीसारखे पेयही करतात. हे दोन्ही प्रकार श्रावकास वर्ज्य. परंतु बाहेरची पाने तेवढी कात्रीने कापली, तर रोप जगते व पुन्हा फुटते. पान न् पान उजेडात धरून निवडावे, उकळून पाणी टाकावे, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत मूगडाळीबरोबर शिजवावे. हंगाम चातुर्मासापूर्वीच सरतो. अष्टमी-चतुर्दशी तेवढी पाळावी. फवारलेल्या अंगणातील पान मात्र कितीही धुतले तरी घेऊ नये.