लागते का? हाव!

डाव्या कोपराखाली फिकट चट्टा आला होता. खाज नाही, दुखणं नाही. तान्ह्या पोळ्याच्या गडबडीत सिंदीत घरोघरी तपासणी आली, तेव्हा सुनेनं मला पुढं केलं. तपासणारा पोरगा घाईत. डोळे मिटायला सांगून त्यानं पेनाचं टोक टेकवलं.

"काकाजी, लागते का?"

"हाव."

"आता?"

"हाव."

टेक, प्रश्न, टेक, प्रश्न. सगळं एका ठेक्यात. मी खोटं बोललो नाही, मला लागतच होतं. "गजकर्ण असन," म्हणून तो पुढच्या घरी गेला. मलम चोळता चोळता दिवाळी उलटली आणि करंगळी बधिर झाली.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी काहीच विचारलं नाही. "लागेल तिथं बोट ठेवा," एवढंच. मग शांतता. कधी लागोपाठ दोनदा, कधी बराच वेळ काही नाही. वाट पाहून पाहून मी भलत्याच जागी बोट ठेवलं. तिथं त्यांनी हातही लावला नव्हता म्हणे. चट्ट्यावर मात्र त्या टेकवत राहिल्या आणि मी ढिम्म. मुलगा समोर बसून पाहत होता, त्याचा चेहरा उतरला. कुष्ठरोग.

निवृत्त विज्ञानशिक्षक असल्यानं वाचत सुटलो. मनगटाच्या नसेला हलका झटका दिला की सुमारे 20 मिलिसेकंदांत मेंदूत लहर उमटते. 300 मिलिसेकंदांच्या आसपास येणारी मोठी लहर मात्र अवचित, क्वचित येणाऱ्या स्पर्शाला जास्त उसळते. ठरावीक ठोक्यांना मेंदू सरावतो. त्याहून अजब प्रयोग 2019 चा, स्वीडनच्या कारोलिन्स्का संस्थेतला. बोटाला ठरावीक अंतरानं झटके देत मधला एखादा गाळला, तर त्या न दिलेल्या झटक्याच्या वेळीही मेंदूत हालचाल दिसली! माझं 'हाव' नसेचं नव्हतंच, ते ठेक्याचं असावं.

राग येतो तो आमच्या वर्धा जिल्ह्यामुळे. इथं 1936 साली मनोहरजी दिवाणांनी दत्तपूरला कुष्ठधाम काढलं. सेवाग्रामात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरेशास्त्र्यांची शुश्रूषा स्वतःच्या हातानं केली. 1951 पासून गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठानाचं काम वर्ध्यातूनच चाललं. आणि इथल्याच पोराला कुणी एवढं शिकवू नये? टेकवताना विचारायचं नाही, अंतर सारखं ठेवायचं नाही, मधूनच टेकवायचंच नाही. याला ना यंत्र लागतं ना पैसा.

तरी त्याला तरी काय बोलू? त्यानं जास्त वेळ घेतला असता, तर "आटप बाबू, नंदी निघाले," असं मीच म्हणालो असतो. गोळ्या फुकट मिळाल्या, चट्टा विरला. करंगळी तशीच आहे, शर्टाचं बटण लावताना रोज चिडचिड होते. यंदा तो पुन्हा आला, तर चहा पाजून त्याचेच डोळे मिटायला लावीन म्हणतो. पेन माझ्या हातात, आणि दोनदा टेकवणारच नाही.