नंबर लावलाय का?

आमच्या पिढीचं बालपण ज्या घरांत गेलं, तिथे वीज कुठल्या कंपनीची घ्यायची हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. गिरगाव, परळ, दादर, माहीम इथे राहणाऱ्याला बेस्टची वीज. माहीमची खाडी ओलांडून वांद्र्याला गेलात की बीएसईएस. भांडुप-मुलुंडपासून पुढे ठाणे, डोंबिवली, कल्याण म्हणजे एमएसईबी. सोसायटीतला वरच्या मजल्यावरचा शेजारी जसा जागेबरोबरच यायचा, तशीच ही वीज कंपनीही. आवडो न आवडो, तिच्याशी जमवून घ्यायचं.

सत्तर-ऐंशीच्या दशकांत दोन खोल्यांतली दहा माणसं पांगू लागली. धाकटा भाऊ डोंबिवलीला, मधला बोरिवलीला. कुणी बँकेचं कर्ज काढून पुण्याला गेलं आणि गुरुवारी दिवसभर वीज नसते हे तिथे गेल्यावर शिकलं. टेंपोत गोदरेजचं कपाट, पाटा-वरवंटा, गाद्यांच्या वळकट्या आणि भांड्यांचं पोतं असायचंच. शिवाय पंखे, ट्यूबलाइटच्या पट्ट्या, अगदी होल्डरमधले बल्बसुद्धा उतरवून वर्तमानपत्रात गुंडाळून नेले जायचे. मागे उरायचा तो छताचा हूक आणि मीटर.

मीटर कुणाच्या नावावर आहे हे बहुतेक घरांत बिल हातात घेतल्याशिवाय आठवायचं नाही. चाळीत तो मालकाच्या नावावर, नाहीतर कधीच वारलेल्या आजोबांच्या. नवीन इमारतीत पहिली काही वर्षं बिल्डरच्या. नाव बदलायचं म्हणजे अर्ज, सोसायटीची ना-हरकत आणि जुन्या मालकाची सही, आणि जुना मालक तोवर अमेरिकेला मुलाकडे गेलेला. मग बिल भरत राहायचं झालं. आजही महाराष्ट्रात कितीतरी दिवंगत माणसं दर महिन्याला नेमाने विजेचं बिल भरतात.

पण घर बदलताना पोटात गोळा यायचा तो विजेमुळे नाही, गॅसमुळे. मुंबईत सिलिंडरचा गॅस आणला बर्मा-शेलने, 1955 साली, 'बर्शेन' या नावाने. पुढे एस्सो आली, कॅल्टेक्स आली. 1974 मध्ये एस्सो सरकारने घेतली आणि तिची हिंदुस्तान पेट्रोलियम झाली. 1976 मध्ये बर्मा-शेल घेतली, तिची पुढे भारत पेट्रोलियम झाली. इंडियन ऑइलचा इंडेन 1965 पासून होताच. कागदोपत्री नावं बदलली तरी दादरच्या आज्या शेवटपर्यंत 'बर्शेन'च म्हणायच्या. आणि लालबागच्या जुन्या लोकांना त्याचंही अप्रूप नव्हतं, कारण बॉम्बे गॅस कंपनीचा दगडी कोळशापासून बनवलेला गॅस काही भाग्यवान घरांत नळाने येत असे. लालबागमध्ये गॅस कंपनी लेन अजून आहे.

बाकीच्यांसाठी गॅस म्हणजे प्रतीक्षा यादी. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. खासदारांना आपल्या मर्जीने जोडण्या देण्यासाठी कुपनं मिळत, आणि आयुष्यात कधी खासदाराचं तोंड न पाहिलेली माणसं त्या कुपनासाठी ओळखी काढत हिंडत. लग्न ठरवताना 'मुलाकडे गॅस आहे, डबल सिलिंडर' हे वाक्य स्वतःच्या ब्लॉकइतक्याच वजनाने उच्चारलं जाई. गॅस आल्यावरही घरातली एखादी आजी महिनोन् महिने त्यावरची भाकरी खात नसे. गॅसवर शिजवलेलं खाल्लं की पोटात गॅस होतो, हे तिचं शास्त्र. चूल नाही तर निदान कोळशाची शेगडी तरी तिच्यासाठी गॅलरीत ठेवावी लागे.

इतक्या नवसाने मिळालेली वस्तू घर बदलताना परत करायची, हे कुणाला पटणार? नियम तसा सरळ होता. दुसऱ्या गावी जायचं तर सिलिंडर आणि रेग्युलेटर एजन्सीत जमा करायचा, जोडणी घेताना मिळालेली पावती दाखवायची, भरलेली अनामत परत घ्यायची आणि टर्मिनेशन व्हाउचर नावाचा कागद घ्यायचा. नव्या गावच्या एजन्सीत तो कागद दिला की पुन्हा अनामत भरून जोडणी. शेगडी आणि रबरी नळी आपली, बाकी सगळं कंपनीचं. पण त्या कागदाचा आणि प्रत्यक्ष सिलिंडरचा भरवसा सारखा नव्हता. हातातला भरलेला सिलिंडर देऊन बदल्यात पातळ कागद घ्यायचा, त्यावर शाईचा शिक्का धड उमटलेला नाही, आणि नव्या गावचा एजन्सीवाला खिडकीतून म्हणणार, 'तुमची बिल्डिंग आमच्या हद्दीत येत नाही.' मग हद्द कुणाची? तर जो आणखी दोन स्टेशनं पुढे आहे त्याची, आणि त्याची खिडकी दुपारी एकला बंद होते.

म्हणून बरेच जण जोडणी परत करतच नसत. गॅस मूळ घरीच राहायचा, आईपाशी. भाऊ वेगळे झाले की वाटणीत भांडी मोजली जायची, दागिने मोजले जायचे, आणि गॅस कुणाचा यावर दोन जावा वर्षभर अबोला धरायच्या. कार्ड सासऱ्यांच्या नावाचं, नंबर लावायला थोरला जायचा, पैसे मधल्याने भरलेले. नेमका मालक कोण, हे कुठलं न्यायालयही सांगू शकलं नसतं. शेवटी आई म्हणायची, मी आहे तोवर इथून हलणार नाही. ती सिलिंडरबद्दल बोलत होती की स्वतःबद्दल, हे विचारायची कुणाची छाती नव्हती.

मग नव्या घरात काय? स्टोव्ह. पितळी टाकीचा, तीन पायांचा, पंपाचा. काकडा स्पिरिटमध्ये बुडवून बर्नरला लावायचा, तो तापेपर्यंत थांबायचं, मग हलके हलके पंप मारायचा. घाई केली की पिवळी ज्योत भपकन वर जायची आणि भांड्याचं बूड काळं. ज्योत निळी होऊन फरफर आवाज सुरू झाला की जमलं. मध्येच आवाज बसला तर पिन करायची. पत्र्याच्या लांब दांडीच्या टोकाला केसाएवढी तार, ती बर्नरच्या भोकात नेमकी शिरवायची, आणि ती आत मोडली की स्वयंपाकाला तासभर सुट्टी. पंपाचं चामडी वायसर सुकलं की त्याला खोबरेल तेल लावायचं. हे सगळं करणाऱ्या बाईच्या डाव्या हातात बहुधा एक मूल असायचं. वातीचा 'नूतन' स्टोव्ह आल्यावर फरफर थांबली, वाती कापण्याचं काम वाढलं.

स्टोव्हला रॉकेल लागायचं, रॉकेलला रेशनकार्ड, आणि रेशनकार्डावर नवा पत्ता. पत्ता बदलायला आधी जुन्या ठिकाणी नावं कमी केल्याचा दाखला हवा आणि नव्या ठिकाणी राहत असल्याचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे विजेचं बिल. बिल बिल्डरच्या नावावर. या चक्रात अडकलेली कुटुंबं जुन्या चाळीच्या रेशन दुकानातून डबा भरून लोकलने रॉकेल आणत. डब्यात ज्वलनशील वस्तू नेणं गुन्हा आहे ही पाटी नेमकी समोर असे, आणि कॅन पायांच्या मागे. रेशनचं रॉकेल निळं केलेलं असायचं, दुकानाबाहेर चढ्या भावाने मिळणारं पांढरं. स्वयंपाकघरात कॅन पाहिला तरी घरचा हिशोब कसा चाललाय ते पाहुणीला कळायचं.

नव्या घरात पहिल्या दिवशी दूध उतू घालवायची रीत. बहुतेकांच्या आठवणीतलं ते दूध स्टोव्हवर उतू गेलं आणि स्टोव्ह विझला. शुभ झालं की अशुभ यावर चर्चा होण्याआधीच समोरच्या दारातून एखादी बाई कपात चहा घेऊन यायची आणि पहिला प्रश्न विचारायची, 'गॅसचा नंबर लावलाय का?' तुमचं नाव, गाव, नोकरी हे नंतर. नंबर मिळेपर्यंत तिच्याकडचा दुसरा सिलिंडर तुमच्याकडे यायचा. कोणत्या मजल्यावरून कोणाचा सिलिंडर कुठे गेलाय याचा हिशोब कागदावर नसायचा, तरी चुकायचा नाही. संपत आलेला सिलिंडर हलवून बघायचा, गरम पाण्याच्या परातीत उभा करायचा, काही धाडसी मंडळी आडवासुद्धा करायची. ते धोक्याचं आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण पुरण शिजायला टाकलेलं असताना धोक्याची व्याख्या वेगळी होते. साबणाच्या फेसाने नळी तपासणं मात्र प्रत्येकीने शिकून घेतलं होतं.

हे सगळं रंगवून सांगणाऱ्यांत आम्ही पुरुषच जास्त असतो, असं माझ्या लक्षात आलं आहे. रॉकेलच्या रांगेत सकाळी सहाला डबा ठेवून यायचा, तो चोरीला जाऊ नये म्हणून पोराला उभं करायचं, आणि दुकान उघडल्यावर 'आज टँकर आला नाही' ऐकून परतायचं, हे बायकांच्या वाट्याला आलं. त्या काळात गोडी होती का, असं आईला विचारलं तर ती म्हणायची, गोडी कसली, हाताला वास यायचा. आणि याहून काळी बाजू आहे. ऐंशीच्या दशकात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर 'स्टोव्हच्या भडक्यात विवाहितेचा मृत्यू' ही दोन ओळींची बातमी वारंवार असायची. त्यातले सगळेच भडके स्टोव्हचे नव्हते, हे वाचणाऱ्यालाही कळायचं. 1983 मध्ये छळाविरुद्धचं 498-अ कलम आलं, 1986 मध्ये हुंडाबळीचं. स्टोव्हच्या आठवणी काढायच्या तर ही आठवण गाळून चालत नाही.

निवड करायची वेळ आली तेव्हा आम्ही निवृत्तीच्या आसपास होतो. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टाटा पॉवरला मुंबईत थेट ग्राहकांना वीज देण्याची मुभा दिली आणि 2009 च्या अखेरपासून उपनगरातला ग्राहक रिलायन्सच्या, म्हणजे पूर्वीच्या बीएसईएसच्या, तारांवरूनच टाटांची वीज घेऊ लागला. सोसायट्यांच्या सभा झाल्या, युनिटचे दर फळ्यावर मांडले गेले. 'तार त्यांची आणि वीज यांची, मग फ्यूज उडाला तर फोन कुणाला?' हा प्रश्न आमच्याच वयाचा माणूस विचारायचा. 2014 मध्ये गॅसची कंपनीही बदलता येऊ लागली. माझ्या परिचयात कुणी बदलल्याचं ऐकिवात नाही. इतक्या वर्षांच्या वाट पाहण्यानंतर जे मिळालं ते नापसंत असायचा अधिकार आपल्याला आहे, ही सवयच लागली नव्हती.

माझी भाची इंग्लंडला असते. तिथे नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून घरगुती ग्राहकाला वीज-गॅसची कंपनी निवडता येते. तिने घर बदललं तेव्हा दारात शिरताच मीटरचा फोटो काढला, कारण तिथे आधीच्या भाडेकरूची कंपनी आपोआप तुमच्या गळ्यात पडते आणि आकडा लिहून ठेवला नाही तर त्याचं बिलही. मग फोनवर बसल्या बसल्या दुसरी कंपनी घेतली. वर्षभरात, 2021 मध्ये, घाऊक गॅस महागला आणि दोन डझनांहून जास्त कंपन्या पाठोपाठ बुडाल्या, त्यात तिचीही. वीज गेली नाही. नियामकाने तिला परस्पर तिसऱ्या कंपनीकडे सोपवलं आणि तसं पत्र आलं. ती वैतागली होती. माझी बहीण फोनवर तिला एवढंच विचारत होती, 'पण गॅस चालू आहे ना?'

आता आमच्या इमारतीत महानगर गॅसची पिवळी पाइप भिंतीवरून वर चढली आहे. नियमाने सिलिंडर परत करायचा असतो. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी अर्ज आणला, भरला, सुनेने दोनदा आठवण केली. सिलिंडर अजून ओट्याखाली आहे, आणि वर उलटं घमेलं घालून त्यावर कांदे-बटाट्यांची टोपली. परवा सुनेने पुन्हा विषय काढला तेव्हा काकू म्हणाल्या, 'समोर नवीन जोडपं आलंय. त्यांचं मीटर लागलं नाहीये अजून. त्यांचं होऊ दे आधी.'