भाकरीची कड

गेल्या मार्गशीर्षात आमच्या मोत्याच्या उजव्या डोळ्याखाली लिंबाएवढी सूज आली. गांधीलमाशी चावली असावी, असे निदान आम्ही परस्पर करून टाकले. तीस वर्षे सरकारी फायलींवर शेरे मारले की ही खोड निवृत्तीनंतरही जात नाही. श्रावणापासून तो एकाच बाजूने चावत होता. त्यावरही ‘म्हातारपण’ असा शेरा आम्ही मारलेलाच होता.

सूज फुटून पू वाहू लागला तेव्हा त्याला कमठाण्याहून नंदीनगरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेले. २००४ साली बिदरला या विषयाचे विद्यापीठ झाले, त्याचे मोल आम्हांस त्या दिवशी कळले. डॉक्टरांनी ओठ उचलून दाखविले. कुत्र्याच्या ४२ दातांपैकी वरची सर्वांत मोठी दाढ उभी चिरली होती. तिला तीन मुळे, आणि तेथला पू डोळ्याखाली वाट काढतो. “हाडे घालता काय?” त्यांनी कानडीतून विचारले. आम्ही गप्प राहिलो. दर रविवारी नळी टाकणारे आम्हीच.

भूल देऊन दाढेचे तुकडे करून ती काढली. पहिल्या रात्री लाळेत रक्ताची छटा होती, पाय लटपटत होते. घोंगडीवर निजवून घोट घोट पाणी पाजले. मध्यरात्री तो कण्हू लागला, तेव्हा न राहवून आम्ही आमचीच गुडघेदुखीची गोळी काढली. सौभाग्यवतींनी मनगट धरले. माणसाच्या अशा गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला जखमा होतात, मूत्रपिंडे निकामी होतात, हे डॉक्टरांनी बजावले होते. ऐकले मात्र एकट्या त्यांनीच. डॉक्टरांनी दिलेले औषध दिवसातून एकदा, खाण्यावर, एवढेच द्यायचे होते.

पुढे चौदा दिवस भाकरी बिनमिठाच्या, कांदा-लसूण नसलेल्या रश्शात कुस्करून दिली. चेंडू माळ्यावर गेला. हे सोपे होते. अवघड होती दुपारची वेळ. ज्वारीच्या भाकरीची कडक कड बारा वर्षे त्याच्या हक्काची. तो नेमाने पाटाशेजारी येऊन बसे, आणि आम्ही त्याच्याकडे न पाहता जेवत असू.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी हिरडी भरल्याचे सांगितले. त्या दुपारी कड ताकात भिजवून पुढे केली. त्याने ती उजवीकडे धरली, थबकला, जिभेने डावीकडे सरकविली आणि चावू लागला. रविवारची नळी आम्ही आता ताटलीखाली झाकतो. ती कोठे असते, हे त्याला ठाऊक आहे.