बीडला बदली : जावं की नाही?

प्रमोशन मिळालं की ऑफिसात पहिला प्रश्न येतो, ‘पार्टी कधी?’ पण पोस्टिंग बीडला असेल तर पहिला प्रश्न वेगळाच असतो : ‘कुणाशी वाकडं घेतलंस?’

माझ्या बाबतीत हेच झालं. एका सरकारी बँकेत मी आठ वर्षं पुण्यात आहे. स्केल टूची परीक्षा दिली, इंटरव्ह्यू झाला, लिस्टमध्ये नाव आलं. पुढच्या कॉलममध्ये लिहिलं होतं : बीड. होकार कळवायला पंधरा दिवस. नवरा हिंजवडीत आयटीत, मुलगी साडेचार वर्षांची, सिंहगड रोडवरच्या टू बीएचकेचे हप्ते चालू. नाही म्हणावं तर पुढची संधी कधी येईल याचा भरवसा नाही.

मैत्रिणींनी सल्ले दिले. सासूबाईंनी दिले. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या काकांनीही दिले. यातल्या एकानेही बीड पाहिलेलं नव्हतं! म्हणून चार दिवसांची रजा टाकली आणि मी स्वतःच जाऊन आले. तुमच्याही ई-मेलमध्ये उद्या असंच एखादं गाव येऊन पडेल. तेव्हा हा ताळेबंद जपून ठेवा.

आधी नकाशा उघडा

पुण्याहून बीड साधारण अडीचशे किलोमीटर. अहिल्यानगर, आष्टी, जामखेड करत बस जाते आणि पाच-सहा तास आरामात लागतात. म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर निघालात तर घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र. दर आठवड्याला घरी येईन असं कुणाला वचन देऊ नका. पंधरा दिवसांनी एकदा हा प्रॅक्टिकल आकडा आहे.

रेल्वेची गोष्ट तर बीडकरांना तोंडपाठ आहे. अहिल्यानगर-बीड-परळी हा २६१ किलोमीटरचा मार्ग. त्यावर पिढ्यान् पिढ्या आंदोलनं झाली, निवडणुका लढवल्या गेल्या. २०२२ मध्ये गाडी आष्टीपर्यंत आली आणि अखेर १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी, ती बीडला पोहोचली. तारीख मुद्दाम निवडलेली. १९४८ मध्ये याच दिवशी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला होता. पण लगेच सूटकेस भरू नका. सेवा सुरू झाली ती बीड ते अहिल्यानगर एवढीच. पुण्या-मुंबईला थेट गाडी नव्हती आणि परळीकडचा टप्पा बाकी होता. त्यामुळे तूर्तास एसटी आणि ट्रॅव्हल्स हेच आपले मायबाप.

रस्ते मात्र चांगले झालेत. धुळे-सोलापूर हायवे बीडवरून जातो, त्यामुळे छत्रपती संभाजीनगर दोन-अडीच तासांवर येतं. विमान पकडायचं तरी तिथंच.

भाडं स्वस्त, पाणी महाग

मी चार घरं पाहिली. भाडं ऐकून पुण्याचा माणूस आधी हसतो, मग पुन्हा विचारून खात्री करतो. ऑफिसला जायला दहा मिनिटं. दुपारी घरी येऊन गरम भाकरी खाऊन परत जाता येतं. रोजचे दोन तास ट्रॅफिकमध्ये घालवणाऱ्याला ही पगारवाढच वाटेल.

पण तिसऱ्या घराच्या मालकीणबाईंनी हॉल किंवा किचन दाखवायच्या आधी मला जिन्याखालची टाकी दाखवली. ‘ही बघा मॅडम, हिच्यावर घराची किंमत.’ मी विचारलं, ‘कामून हो?’ (मराठवाड्यात ‘का’ला ‘कामून’ म्हणतात, एवढं मी पहिल्याच दिवशी शिकले होते.) त्या हसल्या. म्हणाल्या, ‘नळाला रोज पाणी येत नसतंय. आलं की भरून ठेवायचं, दुसरं येईस्तोवर पुरवायचं.’

बीडमध्ये घर बघताना मॉड्युलर किचन बघू नका. टाकी किती लिटरची, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर कोण मागवतं आणि त्याचे पैसे कोण देतं, हे चार प्रश्न विचारा. २०१६ आणि २०१९ च्या उन्हाळ्यात जिल्ह्याने पाण्यासाठी काय भोगलं ते इथल्या शाळकरी पोरांनाही आठवतं. परळीचं औष्णिक वीज केंद्रही २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. आणि निसर्गाचा विनोद बघा, सप्टेंबर २०२५ मध्ये याच जिल्ह्यात अतिवृष्टीने शेतं वाहून गेली, सिंदफणेला पूर आला.

शहराजवळच सोळाव्या शतकातली, निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर आहे. भुयारांतून तिच्यात पाणी येतं आणि एका भुयारातून ते शेतांकडे जातं, पंपाबिंपाशिवाय. ती बघून आल्यावर नळाची वाट बघणं जरा जास्तच टोचतं.

कामाचं काय?

इथं मला खरं आश्चर्य वाटलं. पुण्याच्या शाखेत मी जे करते ते उद्या सॉफ्टवेअर करील. होम लोनची फाइल, केवायसी, क्रेडिट कार्ड विकण्याचं टार्गेट. बीडला समोर बसणारा माणूस कापूस, सोयाबीन आणि पीक कर्ज घेऊन येतो. पीक विम्याचा ‘बीड पॅटर्न’ तर राज्यभर गाजला. विमा कंपनीची जबाबदारी हप्त्याच्या ११० टक्क्यांपर्यंत, त्यावरचा भार राज्याने उचलायचा. उलट नुकसानभरपाई कमी द्यावी लागली तर कंपनीने २० टक्के ठेवून उरलेले पैसे राज्याला परत करायचे. जो मुद्दा मी परीक्षेच्या नोट्समध्ये पाठ केला, तो इथं काउंटरवर भेटतो.

आणखी एक गोष्ट. गेल्या काही वर्षांत या भागात मल्टिस्टेट पतसंस्था अडचणीत आल्या आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले. जास्त व्याजाच्या आशेने लेकीच्या लग्नाचे, निवृत्तीचे पैसे ठेवलेली ही माणसं. त्यामुळे बँकेतल्या ऑफिसरकडे लोक आता वेगळ्या नजरेने बघतात. चहाच्या टपरीवर एका आजोबांनी मला विचारलं, ‘तुमची बँक तर नाही ना बुडायची, ताई?’ पुण्यात हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. सीव्हीमध्ये अशा अनुभवाला कॉलम नसतो, पण वजन असतं.

सगळे जातात, तिथं आपण जायचं?

आपण बदलीला ‘रीलोकेशन’ म्हणतो. बीडला त्यासाठी जुना शब्द आहे : ‘ऊसतोडीला जाणं’. दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखो माणसं ट्रकमध्ये, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत संसार भरून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. मुकादमाकडून आधीच ‘उचल’ घेतलेली असते आणि ती कष्टाने फेडायची असते. नवरा-बायकोच्या जोडीला हिशेबात ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसं, चार हात, पण मोजणी एक! पोरं सोबत जातात, नाहीतर आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात.

हे कळल्यावर आपल्या ‘प्रोज अँड कॉन्स’च्या यादीकडे बघायची नजर बदलते. मला पंधरा दिवस विचार करायला मिळाले. शिफ्टिंग अलाउन्स आहे, पटलं नाही तर तीन वर्षांनी रिक्वेस्ट ट्रान्सफर आहे. म्हणून काही तुमची अडचण खोटी ठरत नाही. पण ‘बीडला राहायचं कसं?’ हा प्रश्न कुठल्या आवाजात विचारायचा, तेवढं समजतं.

दुसरी गर्दी आपल्या ओळखीची आहे. पुण्यात स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत, हिंजवडीच्या कंपनीत, पेठेतल्या मेसमध्ये डोकावा. बीडचा एक तरी भेटेलच. तो आपल्या शहरात कॉट बेसिसवर राहून जे सोसतो, त्याची यादी केली तर माझी यादी फारच छोटी वाटते.

‘आडनाव काय म्हणलात?’

आता नावडती बाजू. बीडमध्ये ओळख झाली की दुसरं वाक्य आडनावाचं असतं. प्रत्येक वेळी त्यात वाईट हेतू असतो असं नाही, पण प्रश्न येतोच. डिसेंबर २०२४ मध्ये केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली आणि खंडणी, दहशत, राजकारण, जात हे सगळं महिनोन् महिने टीव्हीवर दिसत राहिलं. त्यानंतर २०२५ मध्ये जिल्हा पोलिसांनी गणवेशावरच्या नेमप्लेटवरून आडनाव काढून फक्त पहिलं नाव ठेवलं. हा उपाय पुरेसा आहे का, यावर वाद घाला. पण तो करावासा वाटला यातच सगळं आलं.

मग राहणाऱ्याचं काय? शाखेतल्या, शेजारच्या, दुकानातल्या बायकांना मी एकच प्रश्न विचारला : ‘रात्री नऊला एकटी घरी येता का?’ बहुतेकींचं उत्तर ‘येतो की’ असं होतं. कोपऱ्यावरचा दुकानदार ओळखतो, हे त्यांचं कारण. तोच दुकानदार मॅडमकडे कोण आलं, कधी गेलं, हेही ओळखून असतो. हे कवच समजायचं की कॅमेरा, ते आपल्या स्वभावावर आहे. नवरा पुण्यात आणि बाई इकडे, याचं स्पष्टीकरण मला चार दिवसांत सहा वेळा द्यावं लागलं. नवरा बीडला असता तर त्याला एकदाही द्यावं लागलं नसतं.

लेकीला घेऊन जायचं?

२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलांमागे ८०७ मुली होत्या, राज्यात सर्वांत कमी. महाराष्ट्राचा आकडा होता ८९४. २०१९ मध्ये इथल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गाजला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली. मुलीची आई म्हणून हे आकडे वाचून पोटात गोळा येतो.

पण शाळेच्या फाटकाबाहेर उभी राहिले तेव्हा सायकलींवरून येणाऱ्या मुलींचा घोळका पाहिला. कलकलाट करत, दप्तरं उडवत चाललेल्या. माझी लेक पुण्यात पार्किंगमध्ये सायकल चालवते, तीही वॉचमनकाकांच्या देखरेखीखाली. स्विमिंग, स्केटिंग, अबॅकस असा क्लासेसचा मेनू इथं तेवढा मोठा मिळणार नाही. मोठ्या आजारपणात धावपळ होईल. त्या बदल्यात आई साडेसहाला घरी येईल. या दोन गोष्टी एका तराजूत घालता येत नाहीत, पण निर्णय घ्यायचा तर घालाव्याच लागतात.

रविवारी करायचं काय?

मॉलची सवय असेल तर अवघड आहे. पण जिल्हा फिरायला लागलात तर वर्ष पुरणार नाही. बालाघाटाच्या डोंगररांगांत पावसाळ्यात सौताड्याचा धबधबा आणि कपिलधार. पाटोद्याजवळ नायगावचं मयूर अभयारण्य. परळीला वैजनाथ. सीताफळाच्या दिवसांत तर विचारूच नका. बीडच्या सीताफळाला जीआय मानांकन आहे ते उगाच नाही. थंडीत हुरडा, एरवी धपाटे, येसराची आमटी आणि नाश्त्याला ‘सुशीला’. घाबरू नका, ही मुरमुऱ्यांची डिश आहे!

आणि अंबाजोगाई. कितीतरी कोकणस्थ घरांची कुलदेवता योगेश्वरी इथलीच. पण दर्शन घेऊन तसेच परत फिरू नका. ‘विवेकसिंधु’कर्त्या मुकुंदराजांची समाधी इथं आहे. दासोपंतांनी कागदाऐवजी कापडावर लिहिलेली चाळीस फुटी ‘पासोडी’ही इथलीच. शिवाय १९७०च्या दशकापासूनचं सरकारी मेडिकल कॉलेज असल्याने डॉक्टर, विद्यार्थी, पुस्तकं, गाणं असं वातावरण आहे. बँकेने विचारलंच तर ‘बीड शहर की अंबाजोगाई’ यात मी दुसऱ्यावर टिक करीन.

जमा आणि नावे

*जमा :* कमी भाडं, वाचलेले रोजचे दोन तास, प्रमोशन, खऱ्या बँकिंगचा अनुभव, मोकळी हवा, हाकेला धावणारे शेजारी.

*नावे :* पाणी, पुण्याचा सहा तासांचा प्रवास, नवऱ्याची नोकरी दुसऱ्या गावात, दोन घरांचा खर्च, आडनावाचं राजकारण, प्रत्येक गोष्टीवर गावाचं लक्ष.

बेरीज केली तर दोन्ही बाजू जवळपास सारख्या भरतात. म्हणून एक टिप देते : यादी नुसती मोजू नका. तिच्यातल्या कुठल्या गोष्टी पैशांनी सुटतात आणि कुठल्या सुटत नाहीत, ते वेगळं काढा. टाकी मोठी घेता येते, टँकर मागवता येतो, तिकीट काढता येतं. मुलीचं पाचवं वर्ष आणि नवऱ्याबरोबरची रोजची संध्याकाळ विकत मिळत नाही. आमच्या घरी शेवटी वाद झाला तो याच दोन ओळींवर. बीड राहिलं बाजूलाच.

आम्ही ठरवलं ते असं : पहिले सहा महिने मी एकटी. जूनमध्ये शाळा सुरू होताना लेक माझ्याकडे. नवऱ्याला आठवड्यातले दोन दिवस घरून काम करायची परवानगी आहे. ते दोन दिवस आणि शनिवार-रविवार जोडून तो महिन्यातून दोनदा बीडला येणार. तीन वर्षांनंतर पुन्हा हिशेब मांडायचा आणि तोपर्यंत ‘मी तुला सांगत होतो’ हे वाक्य दोघांनीही उच्चारायचं नाही. हा करार फ्रिजवर चिकटवलाय.

चौदाव्या दिवशी होकार पाठवला. टाकीवाल्या मालकीणबाईंना फोन केला, घर पक्कं झालं. त्यांनी भाडं सांगितलं, डिपॉझिट सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, ‘येताना दोन पिंपं आणा बरं, मॅडम. टाकी हाय, पण हाताशी असलेलं बरं.’