न लिहिलेली प्रार्थना

परवा माझ्या एका जुन्या सहकारी बाईंनी फोनवर विचारलं, "अहो, तुमच्या चर्चमध्ये रविवारी नेमकं काय म्हणतात? आमच्यासारखे मंत्र असतात का?" तीस वर्षं एका शाळेत शिकवलं आम्ही, पण हा विषय कधी निघाला नव्हता.

मंत्र नसतात. आम्ही मूळचे प्रेस्बिटेरियन, आणि आमच्यात जुन्या काळी प्रार्थनेचं पुस्तकही नसे. १६४५ साली वेस्टमिन्स्टरच्या धर्मसभेने केलेली उपासनेची मार्गदर्शिका इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकाच्या जागी आली. तीत प्रार्थनेचे ठरावीक शब्द बांधून दिलेले नाहीत. आधी देवाची थोरवी, मग पापांची कबुली, मग आभार, मग इतरांसाठी मागणं, अशा धर्तीच्या सूचना आहेत. शब्द ज्याचे त्याने आणायचे! हीच रीत स्कॉटिश मिशनरी १८२३ साली आपल्या कोकणात घेऊन आले. बाणकोट, हर्णै ही त्यांची पहिली ठाणी, आणि डॉ. जॉन विल्सन मुंबईत पोचले ते १८२९ साली. आमचं घराणं मात्र कोल्हापूरकडचं. तिथे अमेरिकेहून रॉयल वाइल्डर १८५२ साली आले. पुढे ते काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं.

आमच्या लहानपणी पाळकसाहेब चार-पाच गावं सांभाळायचे. ते नसतील त्या रविवारी मंडळीने निवडलेले 'वडील' उपासना चालवत. (घरातले वडील वेगळे आणि मंडळीतले वडील वेगळे, हे मला शाळेत जायला लागल्यावर कळलं.) त्यातले एक शेतकरी होते. त्यांना सहीपुरतं लिहिता यायचं. पण प्रार्थनेला उभे राहिले की पंधरा मिनिटं डोळे मिटून बोलत. आजारी माणसांची एकेक नावं, मुंबईला गिरणीत गेलेली पोरं, रुसलेला पाऊस, सरकार, सगळं त्यात यायचं. कुणाचा बैल दुखावला असला तर तोही! आम्ही पोरं एक डोळा उघडून बघायचो, संपतंय का. शिक्षकांना, मोठ्यांना आम्ही 'अहो' म्हणायचो. देवाला मात्र 'तू'. "आम्हांस आठवण कर" अशी जुन्या बायबलच्या वळणाची वाक्यं त्यांच्या तोंडी सहज येत, आणि पुढच्याच वाक्यात अस्सल कोल्हापुरी. कुणी त्यांना शिकवलं नव्हतं. त्यांच्या आधीच्या वडिलांचं ऐकूनच ते आलं होतं.

गाणी 'उपासना संगीत'मधली, पेटी-तबल्यावर, त्यात रेव्हरंड टिळकांची पुष्कळ. गंमत म्हणजे खुद्द स्कॉटलंडच्या चर्चमध्ये १८६०च्या दशकात ऑर्गन वाजवावा की नाही यावर मोठा वाद झाला होता. आमच्या तबल्याबद्दल ती जुनी माणसं काय म्हणाली असती कोण जाणे! दानार्पणात नाण्यांबरोबर शेंगा, ज्वारी, अंडी येत आणि उपासनेनंतर त्यांचा लिलाव होई.

१९७० साली नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. त्यात अँग्लिकनही होते. हळूहळू छापील उपासनाविधी हातात आला. मला तो आवडतो. सगळ्यांनी एका सुरात पापांगीकार म्हटला की एकटेपणा जातो. शिवाय खरं सांगायचं तर प्रत्येक वडील काही त्या शेतकरीबाबांसारखे नव्हते; कित्येकांची प्रार्थना म्हणजे दुसरा उपदेशच असायचा.

पण पुस्तकातली प्रार्थना पुस्तकात राहते. तोंडची प्रार्थना ऐकणारं कुणी उरलं नाही तर कुठे राहणार? आता मी मुलाकडे न्हावा शेवाला असते. बंदराच्या वसाहतीत आम्ही काही कुटुंबं रविवारी एकाच्या हॉलमध्ये जमतो. मल्याळी, तमिळ, तेलुगू आणि आम्ही. त्यामुळे उपासना इंग्रजीत, आणि ते बरोबरच आहे. महिन्यातून एकदा अटल सेतूवरून मुंबईला मराठी उपासनेला जातो. बाकी रविवारी माझ्या नातीच्या कानावर मराठी प्रार्थना पडते ती फक्त माझी, जेवणाआधीची, दोन वाक्यांची.

गेल्या नाताळाआधी ती म्हणाली, "आजी, मला मराठी प्रार्थना लिहून दे ना. मी वाचीन." माझी पेन घेण्याइतकी तयारी झाली होती. शिक्षिकेला कागद दिसला की लिहावंसंच वाटतं! पण मी पाचच शब्द लिहून दिले: स्तुती, कबुली, आभार, इतर, आपण. म्हटलं, बाकीचं तुझं.

ती रुसली. आठवडाभर तो कागद फ्रिजवर चुंबकाखाली होता. मग एका रात्री जेवायला बसल्यावर तिने डोळे मिटले आणि सुरू केलं. मराठी मोडकी, मध्ये मध्ये इंग्रजी. 'कबुली'ला बराच वेळ थांबली, काय सांगितलं ते तिने मनातच ठेवलं. 'इतर'ला म्हणाली, "प्रभू, तू त्या ट्रेलरवाल्या काकांना झोप दे. ते रात्रभर रस्त्यावर लाइनमध्ये असतात. आणि जहाजावरच्या लोकांना फोनला रेंज दे."

सुनेला हसू आलं. मुलगा नुकताच रात्रपाळी करून आला होता. तो मोठ्याने 'आमेन' म्हणाला.