बुटक्यानं उभं कुठं राहायचं?

मंडळी, तुमच्या घरात वयाच्या मानानं ठेंगणं राहिलेलं पोर असेल, तर ही हकीकत त्याला वाचून दाखवा.

माझा पुतण्या दौंडला मामाकडं राहून मुष्टियुद्ध शिकतो. परवा सुट्टीला शिरूरला आला तो तोंड पाडूनच. "नाना, मी आता जात नाही. वजन दोघांचं सारखं, पण त्याचे हात एवढे लांब! माझा ठोसा पोचायच्या आत त्याचा माझ्या नाकावर." वहिनींना तेच हवं होतं. म्हणाल्या, "बरं झालं, अभ्यास कर."

मला मात्र माझी कुस्ती आठवली. मी पाच फूट दोन इंच. भीमाकाठच्या एका जत्रेत उंच गड्याशी जोड लागली. हलगी कडाडत होती आणि मी खडाखडीतच घुटमळलो; धड लांब नाही, धड जवळ नाही. त्यानं मानेवर हात टाकून ओढला आणि आभाळ दाखवलं. वस्ताद रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "उंच गड्याचा हात टोकाला जड, कोपराच्या आत हलका. तू टोकाला का उभा राहिलास?" पुढं सहा महिने मी पटात शिरणं घोटलं. गुडघ्यात वाकायचं, मान खाली घालायची नाही.

आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव ठेंगणेच होते. १९५२ साली हेलसिंकीला ५७ किलो गटात त्यांनी कांस्यपदक मिळवलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक.

पण ठोशांच्या खेळात पट काढता येत नाही, हे पोराचं म्हणणं खरं होतं. मग त्याला जो फ्रेझर सांगितला. महंमद अलीपेक्षा तो तीनएक इंचांनी बुटका. ८ मार्च १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये तो डोकं सारखं खालीवर हलवत, ठोसे चुकवत अलीच्या अंगाला भिडत राहिला. पंधराव्या फेरीत डाव्या हाताच्या वळणदार ठोशानं त्यानं अलीला खाली पाडलं आणि गुणांवर जिंकला. फुकट नाही, नंतर त्याला दवाखान्यात राहावं लागलं. १९७४ आणि १९७५ च्या लढती अलीनं जिंकल्या. १९७४ ला तर मानेला मिठी घालून त्याला आत कामच करू दिलं नाही. पाहा, मान तिथंही आडवी आलीच!

दुसऱ्या दिवशी दोन लिंबांच्या मध्ये कासरा बांधला, पोराच्या खांद्याइतका उंच. कधी या अंगानं, कधी त्या अंगानं त्याखालून वाकत पुढं सरकायचं, नजर वर. आत शिरलं की तोंडाच्या मागं लागायचं नाही, ते लांब असतं. बरगडी हाताशी असते. आणि निघायचं ते बाजूनं. सरळ मागं आलं की पुन्हा त्याच लांब हाताच्या टोकाला. हे त्याला दहादा सांगावं लागलं. पहिल्या दिवशी मांड्या भरून आल्या, जेवायला मांडी घालून बसवेना. वहिनी काही बोलल्या नाहीत, तेल गरम करून ठेवलं.

रविवारी तो दौंडच्या एसटीत बसला. सोमवारी बैल जुंपायला गेलो तर कासरा नाही. गड्यानं पिशवीत घालून नेला होता.