मामाचं पी-९१

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखनवाल्यांनी सांभाळून घ्यावं! पण या पोलादावर मराठीतच लिहायचं होतं, कारण ते मला कळलं मामाकडून. मामा आयबीआर पास वेल्डर आहे, बॉयलरचे हाय प्रेशर जॉइंट मारतो.

पी-९१ म्हणजे ९ टक्के क्रोमियम, १ टक्का मॉलिब्डेनम आणि चिमूटभर व्हॅनेडियम, नायोबियम, नायट्रोजन. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेत १९७० च्या दशकात ते घडलं. औष्णिक वीज केंद्रात ५४० अंशांच्या वाफेचे पाइप याचे असतात. एवढ्या उष्णतेत, दाबाखाली साधं पोलाद वर्षानुवर्षं हळूहळू ताणत जातं आणि शेवटी फाटतं. हाच तो आपला क्रीप. मामा म्हणतो, "पलंगाची नवार सैल पडते ना, तसं." व्हायवाला हे चालणार नाही, पण डोक्यात पक्कं बसलं. पी-९१ जुन्या पी-२२ पेक्षा जास्त ताण सोसतं, म्हणून पाइपची जाडी बरीच कमी लागते.

पण याची ताकद नुसत्या क्रोमियमची नाही, भट्टीतल्या उपचारांची आहे. साधारण १०५० अंशांवरून थंड करून पुन्हा ७६० च्या आसपास टेम्पर करतात. वेल्डिंग केलं की तेवढ्या जागेवर ही सगळी मेहनत वाया! म्हणून आधी पाइप २०० च्या वर तापवायचा, वेल्ड झाल्यावर १०० च्या खाली उतरू द्यायचा, मग हीटिंग पॅड गुंडाळून ७६० वर काही तास ठेवायचा. कमी तापला तर जॉइंट ठिसूळ, फार तापला तर मऊ. एक्स-रेत यातलं काहीच दिसत नाही. हार्डनेस तपासला तरच कळतं.

एका साइटवर शटडाउनची घाई होती. सुपरवायझर म्हणाला, "पॅड काढा, कालच्या जॉइंटचा चार्ट जोडू." मामाने पॅड काढू दिले नाहीत. पुढचे दोन महिने त्याला कोणी कामावर बोलावलं नाही.

मामी अजून चिडते. "पाइप काय तुमच्या घरचा होता? पोरांची फी कोण भरणार होतं?" तिचंही खोटं नाही हो. मी मामाला विचारलं, तर म्हणाला, "अगं, त्या पाइपखालून रोज माणसं जातात."

आता तो दुसऱ्या ठेकेदाराकडे आहे. तिथेही रात्री उठून स्वतः चार्ट बघून येतो म्हणे. ओव्हरटाइम मिळत नाही त्याचा.